सोळापैकी शून्य

शून्य मार्क मिळवणं ही सोपी गोष्ट नाही. म्हणजे खरंच! सीट नंबर नीट लिहिला, दोन प्रश्न जसेच्या तसे उतरवून काढले, एखादी आकृती पट्टीने आखून ठोकून दिली, तरी दयाळू परीक्षक तीन-चार मार्क टाकतोच. त्यामुळे वर्षभर रीतसर तयारी करून, लाखो डॉलर पगाराचे मास्तर ठेवून एका टीमने सोळापैकी शून्य मिळवले, असं मामाने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो मला त्याचा नेहमीचा पीजेच वाटला होता.

पीजे नव्हता. २००८ च्या सीझनमध्ये डेट्रॉईट लायन्स हा संघ १६ सामने खेळला आणि १६ च्या १६ हरला. सोळा सामन्यांच्या सीझनमध्ये हा पराक्रम तोपर्यंत कुणालाच जमला नव्हता. (पुढे २०१७ मध्ये क्लीव्हलँडने बरोबरी केली. जगात कुठलाच विक्रम एकट्याचा राहत नाही.)

आता खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपण हॉस्टेलच्या मागे चिखलात खेळतो तो नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. लांबुळका चेंडू, हेल्मेटं, आणि बराचसा वेळ हाताने खेळ. मग याला फुटबॉल का म्हणायचं, हा प्रश्न मी मामाला विचारून झालेला आहे. तो म्हणाला, "अगं, ड्राईव्ह-वेवर पार्क करतात आणि पार्क-वेवर ड्राईव्ह करतात अशा देशात तू हा प्रश्न विचारतेस?"

माझा मामा १९९८ मध्ये पुण्यातून डेट्रॉईटजवळच्या एका गावात गेला. गाड्यांच्या धंद्यातला इंजिनिअर, म्हणजे पिंपरी-चिंचवडमधून डेट्रॉईट हा सरळ रस्ता. तिथे गेल्यावर पहिल्याच थँक्सगिव्हिंगला ऑफिसातल्या कुणीतरी घरी जेवायला बोलावलं. लायन्स थँक्सगिव्हिंगच्या दिवशी १९३४ पासून खेळत आलेत, त्यामुळे टीव्हीवर मॅच होतीच. मामाला नियम कळले नाहीत, पण चटक लागली. गावातल्या कुठल्याही माणसाशी दोन मिनिटं बोलायचं तर हवामान किंवा लायन्स हे दोनच विषय, आणि हवामान आठ महिने एकच! त्यामुळे माझ्या लहानपणी दर रविवारी मामाचा फोन आला की आधी आजीची तब्येत, मग आमचे मार्क, आणि मग न चुकता मिलनला शिव्या. मिलन असं करतो, मिलनने सगळी वाट लावली. आजीला बरीच वर्षं वाटत होतं की मिलन ही मामाच्या ऑफिसातली कुणी बाई आहे, आणि ती मामीच्या काळजीत असायची.

तर हा मिलन म्हणजे मॅट मिलन. २००१ ते २००८ लायन्सचा कारभारी. पदाचं नाव प्रेसिडेंट होतं, पण काम जनरल मॅनेजरचं: कुठले खेळाडू घ्यायचे, कुठले सोडायचे, कोच कोण, पैसे कुणाला किती. आपल्याकडे क्रिकेटमुळे निवड समिती ही कल्पना ओळखीची आहे, पण तिथे समिती वगैरे नसते. एक माणूस, एक टेबल, आणि ५३ जणांची यादी.

ही यादी भरायची कशी, ते कळल्याशिवाय मिलनचं महत्त्व कळणार नाही. आपल्या कॅप राऊंडमध्ये ज्याचे मार्क सगळ्यात जास्त, त्याला आधी कॉलेज निवडायला मिळतं. तिथल्या ड्राफ्टमध्ये नेमकं उलटं आहे. कॉलेजांमधून बाहेर पडणारी पोरं निवडायला आधी उभा राहतो तो गेल्या वर्षीचा सर्वात नापास संघ. अशा सात फेऱ्या. वर सगळ्या संघांना पगाराची कमाल मर्यादा एकच. २००८ मध्ये ती साधारण ११ कोटी ६० लाख डॉलर होती. म्हणजे मालक कितीही गब्बर असला तरी पैसा ओतून संघ विकत घेता येत नाही. सगळी रचनाच अशी केलेली आहे की जो तळाला आहे त्याला वर ढकललं जावं. इतकी ग्रेस मार्कांची सोय असताना सात-आठ वर्षं तळाशी राहायचं, तर त्यासाठी खास प्रयत्न लागतात.

मिलन खेळाडू म्हणून लहान माणूस नव्हता. लाईनबॅकर होता, चार सुपर बोल जिंकणाऱ्या संघांत होता, नंतर टीव्हीवर उत्तम कॉमेंट्री करायचा. पण संघ उभारण्याच्या ऑफिसात त्याने एक दिवस काम केलेलं नव्हतं. मालक विल्यम क्ले फोर्ड (म्हणजे हेन्री फोर्डचा नातू, दुसरं कोण असणार!) यांना तो आवडला आणि त्यांनी किल्ल्या दिल्या. त्याच्या आदल्या वर्षी, २००० मध्ये, लायन्सनी ९ जिंकले होते आणि ७ हरले होते. म्हणजे सेकंड क्लास, पण पास. मिलनच्या पहिल्या वर्षी २ जिंकले, १४ हरले.

इथून पुढची गोष्ट मामा ज्या पद्धतीने सांगतो ती अशी: "गाढव होता. रिसिव्हर, रिसिव्हर, रिसिव्हर. संपलं."

रिसिव्हर म्हणजे लांब पळत जाऊन चेंडू झेलणारा. दिसायला सर्वांत देखणं काम. हवेत झेप, एका हाताने कॅच, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. लायन्सनी २००३ मध्ये पहिल्या फेरीत, एकूण दुसऱ्या क्रमांकावर चार्ल्स रॉजर्स घेतला. रिसिव्हर. २००४ मध्ये सातव्या क्रमांकावर रॉय विल्यम्स. रिसिव्हर. २००५ मध्ये दहाव्या क्रमांकावर माईक विल्यम्स. पुन्हा रिसिव्हर! मधलं २००६ चं साल सुटलं, आणि २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर कॅल्विन जॉन्सन. काय ते ओळखा.

पाच वर्षांत पहिल्या फेरीचे चार रिसिव्हर. अमेरिकेत हा आजही विनोदाचा विषय आहे. पण मला या विनोदाचाच कंटाळा आला होता. सेकंड इयरच्या सुट्टीत, डिझाईनचं सबमिशन बाजूला ठेवून, मी मिलनच्या सगळ्या ड्राफ्टची यादी घेऊन बसले. (सबमिशनचं काय झालं ते इथे छापण्यासारखं नाही.) आणि बघता बघता लक्षात आलं की आपण ज्याला एक चूक म्हणतोय त्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

चार्ल्स रॉजर्स घ्या. तो मिशिगनमधल्याच सॅगिनॉचा, मिशिगन स्टेटचा हिरो. घरचा मुलगा. पहिल्याच सामन्यात त्याने दोन टचडाऊन केले. पाच सामन्यांनंतर प्रॅक्टिसमध्ये गळपट्टीचं हाड मोडलं. पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात, तिसऱ्या खेळीला, तेच हाड पुन्हा मोडलं. मग व्यसन, बंदी, आणि एकूण १५ सामन्यांत करिअर संपलं. २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी तो गेला. त्याच्या लगेच नंतर, तिसऱ्या क्रमांकावर ह्युस्टनने आंद्रे जॉन्सन घेतला होता, जो आता हॉल ऑफ फेममध्ये आहे. लोक ही दोन नावं शेजारी शेजारी लिहून मिलनला हसतात. मला ते पटत नाही. हाड मोडणं हे कुठल्याही स्काऊटिंग रिपोर्टात लिहिलेलं नव्हतं. २००३ च्या एप्रिलमध्ये लायन्सकडे धड रिसिव्हर नव्हता, आणि रॉजर्सला घेऊ नका म्हणणारे लोक फार थोडे होते. हा निर्णय फसला, पण निर्णय म्हणून तो वाईट नव्हता. फसणं आणि चुकणं यांत फरक आहे. वर्कशॉपमध्ये जॉब रिजेक्ट झाला तर मास्तर आधी बघतात ना, की मटेरियलमध्ये भेग होती का आपण टूल चुकीचं लावलं.

रॉय विल्यम्सचंही तसंच. रॉजर्सचं हाड नुकतंच मोडलेलं, दुसरा रिसिव्हर घेण्यात गैर काय? तो चांगला निघाला, २००६ मध्ये प्रो बोलपर्यंत गेला.

आणि आता २००५. इथे मात्र मी मामाच्या बाजूला जाऊन बसते.

माईक विल्यम्स कोर्टकज्ज्यांच्या घोळामुळे २००४ चं अख्खं वर्ष खेळलाच नव्हता. वजन, वेग, सवय, सगळ्याबद्दल शंका होत्या. लायन्सकडे दोन वर्षांत पहिल्या फेरीचे दोन रिसिव्हर आधीच होते. बचाव गळका होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य माणूस, जोई हॅरिंगटन, तीन वर्षं झाली तरी चाचपडत होता. आणि मिलनने तिसरा रिसिव्हर उचलला. पुढच्याच, अकराव्या क्रमांकावर डॅलसने डीमार्कस वेअर घेतला. समोरच्या क्वार्टरबॅकला लोळवणारा. तोही आता हॉल ऑफ फेममध्ये आहे. माईक विल्यम्स दोन वर्षांत ओकलंडला रवाना झाला.

याच ड्राफ्टमध्ये ॲरन रॉजर्सही होता, हे सांगितलं की मामाचे डोळे पांढरे होतात. पण तो २४ व्या क्रमांकापर्यंत घसरला, म्हणजे वीसहून जास्त निवडींत कुणीच त्याला उचलला नाही. ज्या चुकीत सगळा वर्ग सामील आहे तिच्यासाठी एकट्याला बाकावर उभं करण्यात अर्थ नाही. वेअरचं तसं नव्हतं. संघाला कशाची गरज आहे हे समोर दिसत होतं आणि ते माणसाच्या रूपाने टेबलावर होतं.

मिलनच्या बाजूने सांगितला जाणारा एक युक्तिवाद आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. 'बेस्ट प्लेअर अव्हेलेबल'. आपल्याला काय हवं ते बघू नका, उरलेल्यात सर्वांत चांगला कोण ते बघा आणि घ्या. आमच्या बाहाच्या टीमसाठी दर जुलैमध्ये ज्युनिअर्सचे इंटरव्ह्यू होतात, तेव्हा हा मोह काय असतो ते मी बघितलंय. कुठलं डिपार्टमेंट हवं विचारा, दहापैकी सात जण सांगतात, सस्पेन्शन. कारण ते गाडीच्या फोटोत दिसतं. ब्रेकच्या पाईपा आणि कॉस्ट रिपोर्ट कुणालाच नको. (मेकॅनिकलच्या आम्हा पाच मुलींना तर सगळे न विचारताच कॉस्ट रिपोर्टला पाठवतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आणि मग असा एखादा पोरगा येतो की ज्याला सॉफ्टवेअर तोंडपाठ, हात तयार, बोलायला स्मार्ट. आणि त्यालाही सस्पेन्शनच हवं असतं. त्याला नाही म्हणायला जिवावर येतं हो!

पण हा नियम खोटा नाही याचा पुरावा मिलननेच दिलाय. २००७ चा कॅल्विन जॉन्सन. तीन रिसिव्हरनंतर चौथा घेतला म्हणून जग हसलं, आणि तो निघाला त्या काळातला सर्वोत्तम. २०१२ मध्ये त्याने एका सीझनमध्ये १,९६४ यार्डांचा विक्रम केला. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेम. "आता रिसिव्हर घेणार नाही म्हणजे नाही" अशी मिलनने शपथ घेतली असती, तर ती मूर्खपणाची ठरली असती.

पण याच कॅल्विन जॉन्सनचं पुढचं ऐका. २००७ ते २०१५, नऊ वर्षं तो डेट्रॉईटला खेळला. प्लेऑफमधला एकही सामना जिंकला नाही. एकही! सर्वोत्तम माणूस हाताशी, आणि नऊ वर्षांत शून्य. त्यातली बरीच वर्षं मिलन तिथे नव्हताही.

कारण रिसिव्हर स्वतः चेंडू आणायला जात नाही. त्याला तो कुणीतरी फेकावा लागतो. फेकणाऱ्याला दोन-तीन सेकंद उभं राहता यावं लागतं, आणि ते सेकंद मिळवून देतात ते पुढचे पाच आडदांड गडी, ज्यांना 'लाईन' म्हणतात. त्यांचे फोटो छापून येत नाहीत. नाव टीव्हीवर येतं ते चूक झाली तरच. आता २००६ बघा. हॅरिंगटनला काढून जॉन किटना क्वार्टरबॅक झाला. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोराचा नाही, जाणत्या माणसाचा हात. त्याने त्या वर्षी ४,२०८ यार्ड फेकले. आकडा जबरदस्त आहे. त्याच वर्षी त्याला ६३ वेळा चेंडूसकट जमिनीवर आपटण्यात आलं. आणि संघ ३ जिंकला, १३ हरला. हे म्हणजे गाडीला मोठा टर्बो लावायचा आणि क्लच जुनाच ठेवायचा. डायनोवर पॉवर दिसते, चाकापर्यंत पोचत नाही.

इथे मामाला मी एक गोष्ट ऐकवते आणि तो चिडतो. मिलनला लाईनचं महत्त्व माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये, २००१ मध्ये, पहिले दोन खेळाडू जेफ बॅकस आणि डॉमिनिक रायोला हे लाईनचेच होते, आणि दोघंही दहा वर्षांहून जास्त टिकले. म्हणजे मिलनला सुरुवात येत होती. पण २००२ ते २००७ या सहा वर्षांत त्याने पहिल्या फेरीत लाईनचा एकही माणूस घेतला नाही. पहिल्या युनिटचा अभ्यास झाला, आणि मग बाकीचं पुस्तक फक्त आवडत्या चॅप्टरपुरतं उघडलं.

बरं, कोचही त्यानेच निवडले. पहिला मार्टी मॉर्नहिनवेग, ज्याने २००२ मध्ये ओव्हरटाईममध्ये टॉस जिंकून चेंडू घेण्याऐवजी वाऱ्याची दिशा निवडली आणि सामना घालवला. त्याला काढून आणला स्टीव्ह मारियुची. तो आणताना दुसऱ्या वंशाच्या उमेदवारांची मुलाखत घेण्याचा नियम पाळला नाही म्हणून मिलनला २ लाख डॉलर दंड झाला. मग रॉड मरिनेली. प्रत्येक कोचची पद्धत वेगळी, त्यामुळे आधीच्यासाठी घेतलेले खेळाडू नव्याला निरुपयोगी. यादी दरवेळी अर्धी जुनी, अर्धी नवी.

आणि २००५ मध्ये, चार वर्षांत १६ विजय आणि ४८ पराभव झाल्यावर, मालकाने मिलनला पाच वर्षांची मुदतवाढ दिली.

या वाक्यापाशी मामाचा आवाज नेहमी बदलतो. रिसिव्हरांबद्दल तो हसत शिव्या देतो, पण मुदतवाढीबद्दल बोलताना हसत नाही. त्या डिसेंबरमध्ये डेट्रॉईटच्या लोकांनी मिलनविरुद्ध चक्क मोर्चा काढला. सिनसिनाटीच्या सामन्याला स्वतःचा निळा रंग सोडून मुद्दाम प्रतिस्पर्ध्यांचा नारिंगी रंग घालून आले. मामानेही नारिंगी टी-शर्ट आणला होता. पण मामी म्हणाली, "व्हिसावर असलेल्या माणसाने कुठल्याही मोर्च्यात जायचं नाही, मग तो चेंडूचा का असेना." मामा टी-शर्ट घालून घरी सोफ्यावर बसला. तो टी-शर्ट मी बघितलाय. गाडी पुसायलासुद्धा काढलेला नाही.

मग आलं २००८. पहिले तिन्ही सामने हरल्यावर मालकाच्या मुलाने, बिल फोर्ड ज्युनिअरने, जाहीरपणे सांगितलं की माझ्या हातात असतं तर मी बदल केला असता. दोन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, मिलन गेला. एकूण हिशोब, ३१ विजय आणि ८४ पराभव. म्हणजे २७ टक्के. आपल्याकडे ४० ला पासिंग आहे. पण यादी तीच राहिली, कारण सप्टेंबरमध्ये ५३ माणसं बदलता येत नाहीत. त्या सीझनमध्ये लायन्सवर ५१७ गुण चढले. २८ डिसेंबरला ग्रीन बे मध्ये शेवटचा सामना, ३१-२१ ने हार, आणि पलीकडे चेंडू फेकत होता तो ॲरन रॉजर्स.

मामाची नोकरी त्याच नोव्हेंबरमध्ये गेली. गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी होती, नाव कशाला. त्या वर्षी अख्ख्या डेट्रॉईटमध्ये हेच चालू होतं. पुढच्या वर्षी क्रायस्लर आणि जनरल मोटर्ससारख्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले, तिथे पार्टवाल्यांना कोण विचारतो. मामाच्या कंपनीत वरच्यांनी काही वर्षांपूर्वी मोठ्या गाड्यांच्या पार्टवर सगळा पैसा लावला होता. पेट्रोल महागलं, मोठ्या गाड्यांचा खप पडला, आणि टेस्टिंगचं डिपार्टमेंट एका शुक्रवारी बंद झालं. मामाला एक खोका देण्यात आला. ज्यांनी तो पैसा लावला होता ते दोघं त्यानंतरही दीड वर्ष तिथेच होते. मामा अकरा महिने घरी होता, व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर, मामीच्या लायब्ररीतल्या पगारावर घर. तेव्हा रविवारी फोन यायचा, पण मार्कांची चौकशी व्हायची नाही, असं आई सांगते. मिलनला शिव्या मात्र चालू होत्या. तो जाऊन दोन महिने झाले होते तरी!

मला वाटतं, मामाचा मिलनवरचा राग सगळा मिलनचा नाही. हे मी त्याला तोंडावर कधी म्हटलेलं नाही. आता अंकाची पीडीएफ त्याला पाठवणार आहे, तेव्हा रविवारी माझी काही खैर नाही. पण म्हणूनच मिलनच्या चुका मोजताना मी जरा कंजूषपणा करते. ज्याच्यावर सगळं ढकलता येतं असा माणूस सापडला की बाकीचे सुटतात. ड्राफ्टच्या दिवशी मिलन चुकला असेल. पण मुदतवाढीच्या कागदावर सही मिलनची नव्हती. चार वर्षांची मार्कलिस्ट समोर असताना कुणीतरी शांतपणे पेन उघडलं होतं. त्या माणसाच्या नावाने कुणी मोर्चा काढला नाही, कारण स्टेडियमवरच त्याचं आडनाव होतं.

हे इतकं जुनं मढं मी आज का उकरून काढतेय? कारण लायन्स सुधारले, आणि त्यामुळे माझा गोंधळ वाढला. २०२१ मध्ये ब्रॅड होम्स जनरल मॅनेजर झाला. त्याने पहिल्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर घेतला पेनेई सूअल. दीडशे किलोचा, लाईनचा माणूस! तो मिळाला तेव्हा होम्स ऑफिसात अक्षरशः किंचाळला, त्याचा व्हिडिओ आहे. लाईनच्या माणसासाठी एवढा आनंद झालेला मी प्रथमच पाहिला. मग २०२३ मध्ये त्याच होम्सने बाराव्या क्रमांकावर जमीर गिब्ज हा धावणारा आणि अठराव्या क्रमांकावर जॅक कॅम्पबेल हा लाईनबॅकर घेतला, तेव्हा पंडितांनी तेच सगळं ऐकवलं: चुकीची जागा, एवढ्या वर घेण्यासारखं काम नाही, चैनीची खरेदी. ऐकताना वाटत होतं, २००५ च्या भाषणातलं फक्त नाव बदललंय.

मामाही त्यात होता. "झालं, हा पण मिलनच निघाला," असं त्याने रात्री अकराला मेसेज करून कळवलं.

त्या सीझनमध्ये लायन्स १२ जिंकले. १४ जानेवारी २०२४ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे संक्रांतीच्या सकाळी, त्यांनी लॉस एंजेलिस रॅम्सना २४-२३ ने हरवलं. १९९२ च्या जानेवारीनंतरचा पहिला प्लेऑफ विजय. मी व्हिडिओ कॉलवर होते. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, की आधी आंघोळ कर आणि तिळगूळ खा. मामा काहीच बोलत नव्हता, आणि त्याच्या मागे मामी म्हणत होती, "अहो, संपलं ना? मग का रडताय?" दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध २४-७ अशी आघाडी घेऊन ते ३४-३१ ने हरले. ते वेगळं. सवय आहे.

तर गिब्ज ही चैन होती का? माझ्या मते होतीच. पण तोपर्यंत पुढची लाईन भक्कम बांधून झाली होती, क्वार्टरबॅक स्थिर होता, कोच तोच होता. पोटभर जेवण झाल्यावर घेतलेला गुलाबजाम आणि उपाशीपोटी घेतलेला तिसरा गुलाबजाम, वस्तू तीच. म्हणून निवडीकडे एकेकटं बघून शिव्या देण्यात काही हशील नाही, आदल्या दिवशी कोठारात काय होतं ते बघावं लागतं, असं मी मामाला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "फार शहाणी झालीस. लिहून पाठव."

म्हणून मी पाठवलं. मिलनचे पहिल्या फेरीतले सगळे खेळाडू, आणि तीन रकाने: 'नशीब फुटलं', 'निर्णय चुकला', 'निर्णय बरोबर'. रॉजर्स पहिल्यात, माईक विल्यम्स दुसऱ्यात, बॅकस आणि कॅल्विन तिसऱ्यात. रॉय विल्यम्स थोड्या घासाघिशीनंतर तिसऱ्यात. दोन दिवस काही उत्तर नाही. मग तक्ता परत आला. रॉजर्स लाल रंगाने खोडून दुसऱ्या रकान्यात टाकलेला होता, मी तो परत पहिल्यात टाकला, त्याने पुन्हा दुसऱ्यात. असं तीनदा झालं. शेवटी त्याने तो तिथेच राहू दिला आणि खाली एक ओळ लिहिली: "हॅरिंगटन कुठे आहे?"

जोई हॅरिंगटन, २००२, तिसरा क्रमांक. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. चार वर्षांत तीन कोच, एक रिसिव्हर हाड मोडून बसलेला, दुसरा नवशिका, तिसरा वजनदार. तो मुळात कच्चा होता, की कारखान्यात बिघडला? लाईनवर ढकलावं, तर त्याच्या काळात लाईन एवढी वाईट नव्हती. मिलनवर ढकलावं, तर त्या वर्षी क्वार्टरबॅक हवाच होता. त्याच्यासाठी चौथा रकाना काढलाय. वर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि मामाचा मेसेज आलाय की उगाच रकाने वाढवू नकोस.

(टी. ई., मेकॅनिकल)